मनगटात प्लेट, हातचं काम गेलं. विम्याचे अडीच लाख घेऊन सही करावी का?

सूर_मिरज

नमस्कार. मिरजेतून लिहिते आहे. माझे मिस्टर सतार-तंबोऱ्याचे कारागीर आहेत, वय ३८. स्वतःचं दुकान नाही, दोन दुकानदारांचं काम घरी आणून करतात. भोपळा आणि लाकडाचं काम दुसरे करतात. पडदे बांधणं, खुंट्या बसवणं आणि मुख्य म्हणजे घोडीची (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची) जवारी काढणं, म्हणजे तिचा माथा घासून तारेचा नाद जुळवणं, यांच्याकडे असतं.

फेब्रुवारीत जयसिंगपूरला एक सतार पोचवायला मोटारसायकलवरून निघाले होते. अंकलीचा पूल ओलांडून उदगावजवळ पोचले आणि बाजूच्या रस्त्यावरून एक टेम्पो न थांबता मुख्य रस्त्यावर आला, त्याची धडक बसली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू घातलेत. दवाखान्याचा आणि औषधांचा खर्च आत्तापर्यंत १,६८,००० झाला, त्यातले बरेचसे उसने आहेत. गुन्हा टेम्पोचालकावर नोंदला गेला आहे.

हाड जुळलंय म्हणतात, पण मनगट वळत नाही. कानस हातात धरली की थोड्याच वेळात कळ येते आणि हात थरथरतो. जवारीत केसाएवढं जास्त घासलं गेलं तर घोडीचा वरचा भाग पुन्हा सपाट करून सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दुकानदार चांगले आहेत, पण त्यांनी काम दुसऱ्यांना दिलंय. डॉक्टर तोंडी म्हणाले, "चाळीस टक्के अपंगत्व धरा."

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ घरी आले. टेम्पोच्या विम्याकडून अडीच लाख मिळतील, कोर्टात जावं लागणार नाही, फक्त सह्या करा म्हणाले. शेजारचे म्हणतात घेऊन टाका, कारण यांनी हेल्मेट घातलं नव्हतं आणि आमच्या गाडीचा विमाही संपलेला होता, कोर्टात एक रुपया मिळणार नाही. पाचवा महिना चालू आहे. मुलाची फी भरायची आहे. काय करावं?

---

जुना_शिरस्तेदार

ताई, सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी मिस्टरांना सांगा.

मी जिल्हा न्यायालयातून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा काळ मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या टेबलावर गेला. मी वकील नाही, पण असले कागद खूप हाताळलेत.

अडीच लाखांचा आकडा कुठून आला ते आधी समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख मिळतात. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे. म्हणजे ही रक्कम कोणी मेहेरबानी म्हणून देत नाही, कायद्यातच लिहिलेली आहे. ज्यांच्याकडे साक्षीदार नाही, चूक दाखवता येत नाही, त्यांना तिचा मोठा आधार असतो. पण कलम १६६ मध्येच लिहिलंय की कलम १६४ ची भरपाई स्वीकारली की चुकीवर आधारलेला तुमचा मोठा दावा संपतो. आधी अडीच घेऊ आणि उरलेलं नंतर मागू, असं करता येत नाही. घरी आलेल्या माणसाने हे तुम्हाला सांगितलं का? विमा कंपनीला खरंच तडजोड करायची असेल तर ती न्यायाधिकरणापुढे नोंदवावी लागते. तुमच्या ओट्यावर कोऱ्या फॉर्मवर नाही.

तुमच्या बाबतीत चूक उघड आहे. बाजूच्या रस्त्याने येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं असतं. गुन्हाही त्याच्यावर आहे. तुमचा दावा कलम १६६ चा आहे.

आता हिशोब बघा, कारण इथेच माणसं गप्प बसतात आणि नुकसान करून घेतात. मिस्टर महिन्याला किती कमवत होते ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी २२,००० धरतो, तुम्ही खरा आकडा घाला. वर्षाचे २,६४,०००. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा करणारा माणूस असेल तर भविष्यात कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात. हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालातला. झाले ३,६९,६००. मग वयाचा गुणक येतो. २००९ च्या सरला वर्मा निकालात वयोगटानुसार तक्ता दिलाय, त्यात ३६ ते ४० वयाला १५ आहे. गुणाकार ५५,४४,०००. कमाईची ताकद जितके टक्के गेली तितके टक्के यातून मिळतात. जखमी माणूस स्वतः जिवंत आहे, त्यामुळे मृत्यूच्या दाव्यात होते तशी वैयक्तिक खर्चाची वजावट इथे होत नाही.

सगळा दावा त्या टक्क्यांवर उभा असतो. उदाहरणादाखल २२ टक्के धरले तर १२,१९,६८०. ५० टक्के धरले तर २७,७२,०००. उत्पन्न तेच, वय तेच, हात तोच.

म्हणून राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा २०१० चा निकाल तुमच्या वकिलांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर असू दे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, पण सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण जाईल, हे उदाहरण न्यायालयानेच दिलंय. २०२० च्या पप्पू देव यादव प्रकरणात डेटा एंट्री करणाऱ्या तरुणाचा उजवा हात गेला होता. उच्च न्यायालयाने कमाईचं नुकसान ४५ टक्के धरलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते ६५ टक्क्यांवर नेलं. अपंगत्वाच्या दाव्यातही भविष्यातली वाढ धरायची, हेही त्याच निकालात आहे.

जवारी काढणाऱ्या माणसाचं उजवं मनगट न वळणं म्हणजे काय, हे न्यायाधीशांना आपोआप कळणार नाही. ते पुराव्यात यावं लागतं. दाव्याच्या अर्जात नुसतं "वाद्य कारागीर" लिहू नका. कानस कशी धरतात, मनगट किती वेळा फिरतं, तार छेडून ऐकायची आणि पुन्हा घासायचं हे तासन्‌तास कसं चालतं, सगळं लिहा. दुकानदाराची साक्ष घ्या. मी अशा किती फाइली पाहिल्या की ज्यात मेहनतीने कमावणाऱ्या माणसाचा "व्यवसाय: मजुरी" एवढाच उल्लेख होता आणि निकालही तेवढाच आला. अजून वाईट वाटतं.

हेल्मेटचं सोडून द्या. मनगटाच्या फ्रॅक्चरशी हेल्मेटचा संबंध नाही. तुमच्या चुकीमुळे अपघात घडला किंवा दुखापत वाढली, हे दाखवता आलं तरच भरपाई कापतात. आणि दावा टेम्पोच्या मालकावर, चालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर आहे. तुमच्या गाडीचा विमा संपला होता याचा दंड वेगळा होईल, पण टेम्पोच्या विमा कंपनीला त्यातून सुटका नाही.

सगळ्यात घाईची गोष्ट मुदत. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायची अट आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्याकडे महिनाभर आहे. सगळे कागद जमले नाहीत तरी अर्ज दाखल करा, उरलेले पुराव्याच्या वेळी देता येतात.

---

कृष्णाकाठ_७

शिरस्तेदार काकांचा मान राखून दुसरी बाजू सांगतो. माझ्या चुलतभावाचा पायाचा क्लेम वर्षानुवर्षं चालला. समन्स लागत नव्हतं, मग चालक सापडेना, मग डॉक्टर साक्षीला येईनात. निकाल चांगला लागला, पण तोवर घरातलं सोनं गहाण पडलं होतं. ज्याच्या घरात आज चूल पेटवायची पंचाईत आहे त्याला "थांब, २७ लाख मिळतील" म्हणणं सोपं नाही. अडीच लाख आज हातात असणं ही पण गोष्ट आहे.

---

जुना_शिरस्तेदार

तुमचं दुःख खोटं नाही. उशीर होतो, हे मी नाकारणार नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. निकालाच्या रकमेवर व्याज मिळतं आणि ते साधारणपणे अर्ज दाखल झाल्या तारखेपासून धरतात. म्हणून लवकर अर्ज करणाऱ्याचा उशीर थोडा तरी भरून निघतो. दुसरं म्हणजे, मोठा दावा दाखल करून लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथे विमा कंपन्यांचे अधिकारी बसतात, प्रकरणं एका बैठकीत मिटतात. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नसतं. पण त्या टेबलावर माणूस आपला हिशोब हातात घेऊन बसतो आणि न पटल्यास उठून येऊ शकतो. दाव्याचा अर्जच नसेल तर समोरचा म्हणेल ती रक्कम घ्यावी लागते.

सूर_मिरज ताई, तडजोड करू नका असं मी म्हणत नाही. सगळे कागद, डॉक्टरांची टक्केवारी आणि हिशोब हातात आल्याशिवाय करू नका, एवढंच.

---

हाडवैद्य_पुणे

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासंदर्भात कोर्टात साक्षीला गेलेलो आहे.

"चाळीस टक्के" हे हाताचं की संपूर्ण शरीराचं, हे डॉक्टरांना आधी विचारा. एका हाताचे ४० टक्के म्हणजे संपूर्ण शरीराचे ४० टक्के नाहीत. शरीराचा आकडा बराच कमी येतो. प्रमाणपत्रावर हे स्पष्ट नसेल तर उलटतपासणीत विम्याचे वकील तिथेच बोट ठेवतात आणि डॉक्टरही गडबडतात.

तोंडी आकड्याला काही किंमत नाही. फिजिओथेरपी पूर्ण होऊन हालचाल स्थिरावली की सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाकडून प्रमाणपत्र घ्या. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे चौकशी करा. तपासताना मनगट वर-खाली किती अंश जातं, तळहात वर आणि खाली किती वळतो, मुठीची पकड दुसऱ्या हाताच्या तुलनेत किती, हे आकडे लिहून घ्यायला सांगा. तुमच्या मिस्टरांच्या कामात तळहात वळणं आणि पकड हेच सगळं आहे.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडून प्लेट पुढे काढावी लागेल का आणि खर्च किती, हे लेखी घ्या. भविष्यातला उपचार हा भरपाईतला वेगळा भाग असतो आणि तो मागायचा राहून जातो. फिजिओथेरपी अर्धवट सोडू नका. पैशामुळे सोडली असेल तरी समोरचे म्हणतात, यांनी उपचारच घेतले नाहीत म्हणून हात अडला.

एक्स-रेच्या फिल्म्स जपून ठेवा. नुसता अहवाल पुरत नाही.

---

सूर_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. ते अपघातानंतर फार बोलत नाहीत. पण जवारीबद्दल लिहिलेलं ऐकल्यावर स्वतःहून म्हणाले, "हे मी सांगीन कोर्टात."

काका, तुम्ही २२,००० अंदाजाने धरले, साधारण तेवढेच मिळायचे. पण सगळा रोखीचा व्यवहार, आयकर विवरण कधी भरलं नाही. एक दुकानदार गेल्या वर्षीपासून फोनवरून पैसे पाठवायचे, तेवढंच बँकेत दिसतं. हस्तकला कारागिरांचं पहचान कार्ड मात्र आहे.

दुसरं, इथल्या एका ओळखीच्यांनी वकील सुचवले. ते म्हणतात, आत्ता काही देऊ नका, निकाल लागला की २५ टक्के द्या. आमच्याकडे पैसे नाहीत, त्यामुळे बरं वाटलं. हे चालतं का?

---

जुना_शिरस्तेदार

नाही चालत. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई केलेलं आहे. सर्रास चालतं, हे मला ठाऊक आहे. पण २५ टक्के म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या मनगटाचा चौथा हिस्सा. ठरावीक फी बोला, हप्त्याने द्या आणि दिलेल्या पैशाची पावती घ्या. तेही जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. अपंग व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवरही विचारता येतं.

उत्पन्नाचं म्हणाल तर विवरण नाही म्हणून उत्पन्न शून्य, असं न्यायाधिकरण धरत नाही. काहीच पुरावा नसेल तर किमान वेतनाच्या आसपास धरतात, आणि कुशल कारागिराचा दावा तिथे घसरू द्यायचा नाही. वर दाखवलेल्याच हिशोबात महिन्याचे १२,००० धरले तर २२ टक्क्यांना १२,१९,६८० च्या जागी ६,६५,२८० येतात. म्हणून बँकेतल्या नोंदी छापून घ्या. दोन्ही दुकानदारांच्या वह्यांमध्ये तुमच्या मिस्टरांच्या नावे कामाची मजुरी लिहिलेली असेल, त्या पानांच्या प्रती घ्या आणि निदान एकाला साक्षीला तयार करा. साक्षीला न येता नुसतं पत्र दिलं तर फारसं टिकत नाही. पहचान कार्ड उत्तम, त्याने कसब सिद्ध होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही वकिलांना सांगा. हे काम कोणीही उठून करत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

पोलिसांकडून प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, टेम्पोच्या नोंदणीची, विम्याची आणि चालकाच्या लायसन्सची प्रत मागून घ्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तुमच्या प्रकरणात तो गेला का, लेखी विचारा. लायसन्समध्ये खोट निघाली तर घाबरू नका. बहुतेक वेळा विमा कंपनीला आधी तुम्हाला पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला सांगतात.

---

वारजे_वाचक

थोडं अवांतर. आमच्या सोसायटीतल्या काकांचा असाच अपघात झाला, त्यांना कंपनीच्या मेडिक्लेमचे पैसे मिळाले होते. तेवढे भरपाईतून कापणार असं सगळे म्हणत होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मेडिक्लेमची रक्कम कापायची नाही असा निर्णय दिला. ज्यांचा मेडिक्लेम आहे त्यांनी लक्षात ठेवा.

शिवाय मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार. ताईंना आता उपयोग नाही, पण दुसऱ्या कोणाला असेल.

---

सूर_मिरज

शेवटचं विचारते. अपघात उदगावला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. आम्ही मिरजेत. दावा कोल्हापूरच्या बाजूला करावा लागेल का? यांना एसटीने लांब नेणं अवघड आहे. आणि ती सतार पण मोडली. गिऱ्हाईकाला दुकानदारांनी दुसरी दिली, तिचे पैसे यांच्या मजुरीतून वळते करायचं ठरलंय. ते मागता येतील का?

---

जुना_शिरस्तेदार

सांगलीलाच करा. जिथे अपघात झाला, जिथे अर्जदार राहतो किंवा धंदा करतो, किंवा जिथे प्रतिवादी राहतो, यातलं कुठलंही न्यायाधिकरण निवडायचा हक्क कलम १६६ ने तुम्हाला दिलाय. पंचनामा कोल्हापूर जिल्ह्यातला आहे म्हणून कोणी परत पाठवत असेल तर कलम १६६ चं पोटकलम २ दाखवा.

सतारीचं नुकसान मागता येतं, त्याच अर्जात. ज्याच्या मालकीची वस्तू तो मागू शकतो. सतार दुकानदाराची होती, म्हणून एक तर दुकानदाराने अर्जात सामील व्हायचं, नाहीतर नुकसान मिस्टरांनी भरून दिल्याचं त्याच्याकडून लिहून घ्यायचं. ऑर्डरची नोंद, किंमत आणि मोडक्या सतारीचे फोटो लावा. तुकडे टाकून दिले नसतील तर तसेच ठेवा. पंचनाम्यात सतारीचा उल्लेख आहे का ते आजच बघा. नसेल तर ज्याने रस्त्यावरून ती उचलून आणली त्याचं नाव वकिलांना द्या.

भरपाईत आणखी एक भाग असतो तो लिहायचा राहू नये. वेदना आणि आयुष्यातला जो आनंद हिरावला गेला त्याची वेगळी रक्कम मिळते. मिस्टर स्वतः वाजवत असतील, भजनाला साथ करत असतील, आणि आता जमत नसेल, तर ते शपथपत्रात त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. सोमवारी विधी सेवा प्राधिकरणात जाताना आधार कार्ड, प्रथम खबरीची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि सगळी बिलं तारखेप्रमाणे लावून न्या. मूळ बिलं कोणाच्याही हातात देऊ नका, प्रती द्या. अर्ज दाखल झाला की क्रमांक इथे सांगू नका, फक्त झाला एवढं कळवा.